लिनक्सवरील व्यापारी खेळांची वाढ

अन्य प्रणालींवरील प्रसिद्ध खेळ लिनक्सकरिता पुन्हा घडवून विकण्याचा उद्योग ‘लोकी सॉफ्टवेअर’ या अमेरिकन कंपनीने १९९८ मध्ये आरंभिला. परंतु ग्राहक थोडे म्हणून खेळ थोडे, आणि खेळ थोडे म्हणून ग्राहक थोडे, अशा चक्रात सापडून ती २००२ मध्ये बंद पडली. पुढे ‘व्हॉल्व्ह’ कंपनीने २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली, तेव्हा या चक्रातून खरी वाट निघाली. प्रोटॉन दुभाष्याचे काम करते: खेळाने विंडोजकडे केलेली मागणी ती लिनक्सला उमजेल अशा रूपात पोचविते, त्यामुळे मूळ खेळ बदलावा लागत नाही. २०२२ मध्ये आलेले ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळावयाचे यंत्र याच आधारावर उभे आहे. तथापि बहुतेक खेळ अद्यापि विंडोजसाठीच रचिले जातात, आणि विंडोजने आपली रीत पालटली की दुभाष्यालाही तिच्या मागोमाग जावे लागते. ग्राहकाला मिळालेले स्वातंत्र्य निर्मितीपर्यंत पोचलेले नाही, ही या वाढीची मर्यादा होय.