अर्ध्या राहिलेल्या कामांचं विज्ञान

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या हळर्णहून एका वाचक ताईंचे दोन प्रश्न आले आहेत. चवथ जवळ आली की त्या कामांची यादी करतात. गणपतीच्या शाळेत पाट पोचवायचा, भटजींची वेळ विचारायची, भिंतींना रंग, नेवऱ्यांचं सामान, माटोळीचं सामान, मुंबईहून येणाऱ्यांची झोपायची व्यवस्था. यादी लिहून होते तेव्हा त्यातलं एकही काम झालेलं नसतं, तरी डोकं हलकं होतं. असं का? दुसरा प्रश्न त्याहून गमतीचा. पेडण्याच्या बाजारात पोचल्यावर यादी घरीच राहिल्याचं लक्षात येतं आणि तरीही बहुतेक सामान आठवतं. मग लिहायचा खटाटोप कशाला?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक पुस्तकांत एकाच नावाने दिलेलं असतं : झायगार्निक परिणाम. ते उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं जिच्यामुळे कळलं, तिचं नाव जवळपास शंभर वर्षं कुणी धड घेतलेलं नाही. म्हणून थोडं मागे जाऊ या.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीचा कैसर गेला आणि बर्लिनचा राजवाडा रिकामा पडला. त्यातल्या काही दालनांत विद्यापीठाची मानसशास्त्र संस्था थाटली गेली. राजेशाही नक्षीच्या छताखाली माणसाच्या मनाचे प्रयोग! तिथे कुर्ट लेविन नावाचे प्राध्यापक होते. वर्गापेक्षा कॉफीच्या टेबलावर त्यांचं शिकवणं जास्त रंगे. पूर्व युरोपातून आलेल्या अनेक तरुण मुली त्यांच्याकडे संशोधन करत. असं सांगतात की कॅफेतल्या एका वेटरला बिल चुकतं होईपर्यंत कुणी काय मागवलं ते बिनचूक आठवे. पैसे हातात पडले की तेच त्याला सांगता येत नसे. ही कथा सांगणारा दर वेळी तपशील बदलतो, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकू नये. पण प्रयोग खरा आहे. लिथुआनियाहून आलेल्या ब्ल्यूमा झायगार्निक यांनी लोकांना मणी ओवणं, कोडी सोडवणं, मातीच्या आकृत्या करणं अशी वीसेक छोटी कामं दिली आणि त्यातली निम्मी मध्येच थांबवली. शेवटी कोणकोणती कामं आठवतात, असं विचारलं. अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्या कामांच्या जवळपास दुप्पट आठवली. १९२७ साली हा निबंध छापून आला आणि गाजला.

आज वेळेच्या नियोजनावरचं पुस्तक उघडा, झायगार्निक बाई भेटतातच. मालिकेचा भाग नेमका दार उघडताना का संपतो, याचंही श्रेय त्यांच्या नावावर जमा होतं.

अडचण एवढीच की प्रयोग इतर ठिकाणी करून पाहिला तेव्हा तो दर वेळी तसा वागला नाही. कुठे अर्धवट कामं जास्त आठवली, कुठे पूर्ण झालेली, कुठे काहीच फरक नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी आजवरचे असे प्रयोग एकत्र करून त्यांचा हिशेब २०२५ मध्ये मांडला. निष्कर्ष स्पष्ट होता : अर्धवट काम जास्त लक्षात राहतं, या म्हणण्याला एकंदर आधार मिळत नाही. पण त्याच हिशेबात दुसरी एक गोष्ट मात्र भक्कम उभी राहिली. ती मारिया ओव्हस्यांकिना यांची.

या सैबेरियात जन्मलेल्या, लेविन यांच्याच शिष्या. झायगार्निक यांच्यानंतर एका वर्षाने, १९२८ मध्ये, त्यांचा निबंध आला. त्यांनीही लोकांना कामं देऊन मध्येच थांबवलं, पण काय आठवतं हे विचारलंच नाही. माणसांना मोकळं सोडलं, आपण दुसऱ्याच कशात गुंतल्याचं दाखवलं आणि नुसतं पाहत राहिल्या. बहुतेकांचा हात आपोआप त्या अर्ध्या कामाकडे वळला. कुणी सांगितलं नव्हतं, बक्षीस नव्हतं, काम पूर्ण करून कुणाचा फायदाही नव्हता. तरी मणी ओवून संपवल्याशिवाय चैन पडेना.

झायगार्निक यांनी मोजली आठवण, ओव्हस्यांकिना यांनी मोजली ओढ. पहिली शंभर वर्षांत ढिली पडली, दुसरी टिकली. पण पाठ्यपुस्तकात पान मिळालं पहिलीला, दुसरीला कुठेतरी तळटीप. वेटरची गोष्ट रंगवून सांगता येते. अर्ध्या माळेकडे वळणारा हात कुणाला सांगणार! ओव्हस्यांकिना पुढे अमेरिकेत गेल्या, रिकर्स-ओव्हस्यांकिना या नावाने शिकवत राहिल्या. शाईच्या डागांवरून मन वाचण्याच्या रॉर्शाख चाचणीवर त्यांनी संपादित केलेला ग्रंथ १९६० मध्ये निघाला आणि त्यांची ओळख तिकडेच जास्त झाली. झायगार्निक यांच्या वाट्याला नाव आलं, पण सुख आलं असं नाही. त्या मॉस्कोला गेल्या, स्टालिनच्या राजवटीत त्यांच्या नवऱ्याला अटक झाली, आणि तशाही स्थितीत त्यांनी मनोरुग्णांच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास उभा केला. दोघींत भांडण लावण्याचा हेतू नाही. शोध कुणाचा टिकला, एवढं नोंदवायचं आहे.

आता ताईंच्या पहिल्या प्रश्नाकडे. राहिलेलं काम ओढत असतं, म्हणून डोकं जड होतं, हे समजलं. पण ती ओढ थांबायला काम पूर्णच व्हावं लागतं का? फ्लोरिडातले ई. जे. मासिकँपो आणि रॉय बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये याचा छडा लावला. विद्यार्थ्यांना आपापल्या राहिलेल्या महत्त्वाच्या कामांची आठवण करून दिली आणि मग पेरी मेसन या वकिलाच्या रहस्यकथेतला उतारा वाचायला दिला. ज्यांच्या मनात कामं रेंगाळत होती, त्यांचं वाचनावरून लक्ष उडत होतं. पण ज्यांना ती कामं कशी उरकायची याचा बेत आधी लिहायला लावला होता, ते निवांत वाचत होते. काम दोघांचंही तेवढंच बाकी होतं. फरक पडला तो बेतामुळे.

मनातलं राहिलेलं काम हे सकाळी दारात भोंगा वाजवणाऱ्या पोदेरासारखं असतं. आतून कुणी ओ दिली नाही तर तो पुन्हा वाजवतो. ‘उद्या सहाला चार पाव ठेव’ म्हणून सांगितलं की सायकल पुढे जाते. पाव मिळालेला नसतो, फक्त वेळ ठरलेली असते.

याच धाग्यावरचा झोपेचा प्रयोग वर्तमानपत्रांतून फार फिरला. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांना प्रयोगशाळेत झोपवलं. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या दिवसांतल्या कामांची यादी लिहिली, उरलेल्यांनी झालेल्या कामांची. पुढच्या कामांची यादी करणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी बारकाव्याने लिहिलेली तितकी लवकर. निबंध २०१८ चा. यावरून ‘यादी लिहा, निद्रानाश पळवा’ असे मथळे सजले. जरा दमानं घ्यावं. एक रात्र, ५७ जण, सगळे निरोगी आणि तिशीच्या आतले. ज्यांची झोप खरोखर उडालेली आहे, त्यांनी डॉक्टरांकडेच जावं. पण करून पाहायला पाच मिनिटं आणि एक पेन्सिल लागते, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

दुसरा प्रश्न : घरी राहिलेली यादी बाजारात आठवते कशी? इथे दोन वेगळे शोध कामाला येतात. एक, आपण स्वतः मनातून काढून लिहिलेला शब्द नुसत्या वाचलेल्या शब्दापेक्षा जास्त टिकतो. नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ यांनी हे १९७८ मध्ये टोरांटोत दाखवलं. म्हणून सासूबाईंच्या हातची यादी सुनेने घरी विसरली तर बाजारात पंचाईत होते आणि स्वतः लिहिलेली विसरली तर निभावतं. दोन, मांडणी. स्टॅनफर्डच्या गॉर्डन बॉवर यांनी १९६९ मध्ये लोकांना ११२ शब्द दाखवले. गटवार, पोटगटवार रचून दाखवले तेव्हा पहिल्याच फेरीत सरासरी ७३ आठवले. तेच शब्द विस्कटून दाखवले तर जेमतेम २१.

आणि गटवार मांडणी म्हणजे काय हे पेडणे-डिचोलीच्या माणसाला स्टॅनफर्डहून शिकायची गरज नाही. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली माटोळी पाहा. मध्ये नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, कुठे तोरिंगं, कुठे आंबाडे, मग रानातली कवंडळं, कांगलां, घागऱ्या. वर्षानुवर्षं बांधणाऱ्याला प्रत्येक वस्तूची जागा डोळ्यांपुढे दिसते. बाजारात उभं राहून तो मनातल्या मनात चौकट न्याहाळतो आणि जिथे रिकामं दिसतं ते विकत घेतो. जागेला वस्तू बांधून लक्षात ठेवण्याची हीच युक्ती प्राचीन ग्रीक आणि रोमन वक्ते लांबलचक भाषणांसाठी वापरत, आणि त्यावर त्यांनी ग्रंथ लिहिले. माटोळीवाल्याने ग्रंथ लिहिला नाही, एवढाच फरक. तेव्हा ताई, तुम्हाला कागद आठवत नव्हता. तुम्हाला माटोळी दिसत होती.

इथवर यादीचं कौतुक झालं. आता तिची मर्यादा, आणि तिचा दाखला हळर्णचाच आहे. शापोरा नदीकाठचा तिथला किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने सावंतवाडीच्या भोसल्यांकडून घेतला. त्या पराक्रमावरून त्याला ‘मार्केस द आलोर्ना’ अशी पदवी मिळाली. आलोर्ना म्हणजे आपलं हळर्णच. १७५० मध्ये पदभार सोडताना या गृहस्थाने आपल्या जागी येणाऱ्या मार्केस द ताव्होरासाठी लांबलचक लेखी सूचना ठेवली. शेजारच्या सत्तांशी कसं वागायचं, काय सांभाळायचं, असा सगळा ऐवज त्यात आहे. पुढे तो छापलाही गेला आणि गोव्याच्या इतिहासाचे अभ्यासक तो अजून चाळतात. एका माणसाची राहिलेली कामं दुसऱ्याच्या हाती सोपवणारी ही यादीच. पण पेडणे कायमचं पोर्तुगिजांकडे यायला १७८८ उजाडलं. किल्ला सर केल्यापासून बेचाळीस वर्षं!

काम किती वेळ खाईल याचा आपला अंदाज नेहमी आखूड असतो, हे डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं. १९९४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ते मोजलं. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३४ दिवस सांगितले होते, लागले ५५च्या वर. यादी काम विसरू देत नाही, पण दिवसाचे तास वाढवत नाही.

दुसरी मर्यादा एका मराठी घरातल्या डॉक्टरांच्या कामातून दिसते. अतुल गवांदे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, अमेरिकेत गेलेले. गवांदे आणि सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेआधी, दरम्यान आणि नंतर तपासायच्या १९ मुद्द्यांची यादी तयार केली. आठ देशांतल्या आठ शहरांत, दिल्ली धरून, ती वापरली. २००९ मध्ये आकडे आले : मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. जगाने यादी उचलली. मग कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत ती लागू झाली आणि २०१४ च्या पाहणीत मृत्यूंत म्हणावा असा फरक दिसलाच नाही. कागद तोच होता. शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवतीची माणसं थांबून एकमेकांशी खरोखर बोलतात की नुसत्या खुणा करतात, यावर सगळं अवलंबून असतं, असं त्यावर अनेकांनी म्हटलं. मला ते पटतं. याद्यांची रंगीत अॅपं विकणारे ओंटॅरिओचं नाव काढत नाहीत, हेही त्यामुळे समजतं.

मग चांगली यादी कोणती? जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ च्या निबंधात मांडलेला साचा आजवरच्या चाचण्यांत बऱ्यापैकी टिकला आहे : अमुक घडलं की तमुक करेन. ‘भटजी’ एवढंच लिहिलं तर ती चिंता झाली. ‘गुरुवारी संध्याकाळी देवळात भेटले की वेळ विचारेन’ असं लिहिलं तर ते काम झालं. ‘घर रंगवणं’ हे एक काम नव्हे, ती दहा कामं आहेत. त्यातलं पहिलं, म्हणजे रंगाऱ्याला फोन, तेवढंच आजच्या यादीत हवं. वही घ्या की फोन, त्याने काही अडत नाही. ज्या कामापुढे दिवस आणि जागा लिहिता येत नाही, ते काम आजच्या यादीतून खुशाल खोडा. ते काम नसतं, नुसती इच्छा असते.