मीठ काकू सांगतात

पुण्याहून नाशिक रस्त्याने निघाले की चाकणच्या अलीकडे कुरुळी लागते. इथल्या दुसऱ्या पाळीच्या कामगाराचा रोजा घरी सुटत नाही. मगरिबच्या वेळी तो मशीनपाशी असतो. डब्यात खजूर, पाणी आणि चावायला काहीतरी. भजी तोवर मऊ पडतात. म्हणून एका भाड्याच्या घरात रमजानात तीळ लावलेली पिळाची खारी होते.

सुरुवात फजरनंतर, गारव्यातच. पाव किलो मैदा, चमचाभर मीठ आणि फ्रिजचे पाणी घालून गोळा मळायचा. मग दीडशे ग्रॅम गार लोणी पोळीत गुंडाळून लाटायचे, तिघडी घालायची आणि वीस मिनिटे फ्रिजमध्ये. असे चार वेळा केले की लोण्याचे 81 पदर होतात. भट्टीत पाण्याची वाफ होऊन तीच ते पदर उचलते. लोणी आधीच वितळून मैद्यात मुरले, तर खारी नव्हे, बिस्किट होते. मार्चच्या उकाड्यात ही भीती खरीच.

पण खरी अडचण मिठाची. पदर घातल्यावर ते दुरुस्त होत नाही, आणि करणारीचा तर रोजा. गरज असेल तर जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकायची सवलत फिकहच्या किताबांत आहे. तरी भाभींना धजावत नाही. मग गोळ्याचा चिमूटभर तुकडा तव्यावर भाजून शेजारी जातो. पाण्याला उठलेल्या काकू तो खाऊन निकाल देतात. पांढरे तीळही त्यांचेच, संक्रांतीचे उरलेले. भाजलेले तीळ मात्र इथे चालत नाहीत, भट्टीत करपतात.

लाटलेल्या पोळीला दूध लावून तीळ हलके दाबायचे, बोटभर पट्ट्या कापायच्या, तीन पीळ द्यायचे. टोके दाबली नाहीत तर पीळ उलगडतो. 200 अंशांवर दहा मिनिटे, मग 160 वर आतपर्यंत कोरडी होईस्तोवर. घाईने काढलेली खारी डब्यात मऊ पडते.

एका सकाळी काकूंनी तुकडा तोंडात टाकला आणि तांब्याच शोधला. ‘भाभी, दोनदा टाकलंत का हो मीठ?’ दिवसभराच्या तहानेवर अशी खारी म्हणजे शिक्षाच. गोळ्यात तेवढाच बिनमिठाचा मैदा घालून पुन्हा मळला, लोणीही दुप्पट आणावे लागले. दोनच्या बसला जेमतेम डबा गेला. त्या दिवशी लाइनवर चौघांनी खाल्ली, आणि एक ताट काकूंकडे.