हेळव्याच्या वहीतले भाऊबंद

सुगी झाली, खळ्यावरचे धान्य घरात आले, की बेळगाव-निपाणी भागातल्या खेड्यांत हेळवी येतो. पूर्वी तो बैलावरून यायचा, हाताशी घंटा असायची. दारात उभा राहून तो घरच्या कर्त्या माणसाच्या बापाचे, आज्याचे, पणज्याचे नाव घेतो आणि तिथून मागे मागे जात राहतो. मूळ गाव कोणते, तिथून कोण निघाला, कुलदैवत कोणते, कोणत्या भावाची शाखा कुठे जाऊन वसली, हे सारे त्याच्या वहीत असते. बिदागी म्हणून धान्य, धोतर-लुगडे, रोख पैसे, आणि ऐपतदार घर असेल तर एखादे वासरूही मिळते.

कन्नडमध्ये 'हेळव' म्हणजे लंगडा. आपला मूळ पुरुष पायाने अधू होता आणि बैलावर बसून हिंडत असे, अशी या लोकांची कथा आहे. 'हेळु' म्हणजे सांगणे, या शब्दाशीही काहीजण हे नाव जोडतात. ते काही असो, कोणती गावे आणि कोणती घरे कोणत्या हेळव्याची हे ठरलेले असते आणि बापाची घरे मुलांकडे वाटणीने येतात. जुन्या नोंदी ताम्रपटांवर होत्या, नंतर कागदी वह्या आल्या. मात्र या वह्या बहुतेक कन्नड लिपीत असतात. घरात मराठी, देवाची आरती मराठी, पोरांची शाळा मराठी, आणि वंशावळ मात्र कन्नडमध्ये! सीमाभागात काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे ऐकून थोडे अवघडल्यासारखे होते, हे कबूल केले पाहिजे.

निपाणीकडच्या एका खेड्यात माझ्या आतेभावाच्या घरी हेळव्याने वही उघडली तेव्हा मी तिथे होतो. पाच पिढ्यांमागे दोन भाऊ होते. दुष्काळात धाकटा बायकापोरांसह गोकाकच्या बाजूला गेला तो तिकडचाच झाला. त्याच्या वंशातली घरे आजही तिथे नांदत आहेत, आडनावाला कन्नड वळण लागले आहे आणि घरात फक्त कन्नड बोलतात. हे ऐकून बैठकीतला एक तरुण पटकन म्हणाला, "म्हणजे गुरुजी, आपण मूळचे कानडी की काय?" कोणी काही बोलेना. हेळवी मात्र शांतपणे पुढचे पान उलटत होता. त्याच्या वहीत भाषेचा रकानाच नाही.

पुढच्या महिन्यात आतेभाऊ त्या गावी जाऊन आला. त्याला कन्नड जेमतेम येते, त्यांना मराठी त्याहून कमी. पण देव्हाऱ्यात जोतिबाचा टाक होता आणि अण्णा, अक्का, अप्पा या हाका दोन्ही घरांत त्याच होत्या. जेवण झाल्याशिवाय त्यांनी त्याला सोडले नाही.

त्या तरुणाचा प्रश्न मात्र उडवून लावण्यासारखा नाही. आपला मूळ पुरुष कन्नड मुलखातला निघाला, तर मराठीवरचा आपला हक्क कमी होतो का? हाच प्रश्न थोरामोठ्यांच्या घराण्यांनाही विचारला गेला आहे. भोसले घराण्याचा संबंध परंपरेने मेवाडच्या सिसोदियांशी जोडला जातो. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी मात्र शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरील २००१ सालच्या ग्रंथात या घराण्याचे मूळ दक्षिणेत, होयसळांकडे आणि गदगजवळच्या सोरटूरकडे नेले. सर्वच इतिहासकारांना ते मान्य नाही. पण क्षणभर मान्य केले, तरी शिवाजी महाराजांच्या राज्यकारभाराची भाषा मराठी होती, तिला राजव्यवहारकोशाचे बळ देण्यात आले, यात तिळमात्र फरक पडतो काय?

उलट बाजूही पाहा. महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचा वंश तंजावरात राहिला. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये तिथल्या बृहदीश्वराच्या मंदिरात घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरीत दगडावर कोरविला. आज तंजावरकडच्या मराठी घरांत तमिळमिश्रित मराठी बोलतात, आणि अनेकांना लिहिता येते ती लिपी तमिळ. शिलालेखात पूर्वज मराठी आहेत म्हणून नातवंडांना मराठी येत नाही. घरात कोणीतरी ती बोलत राहते म्हणून येते.

आमच्या खासबागेत, शहापूर-वडगावात मागावर बसणारी घरे पाहा. देवांग कोष्ट्यांची काही घरे मराठी बोलतात, काही कन्नड, आणि बदामीची बनशंकरी दोघांचीही. सोयरिकी घटप्रभेपलीकडे तशा इचलकरंजीलाही. यांच्यातला कोण मूळचा कुठला, हे शोधू लागलात तर भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच आजोबा निघायचे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, ते कोणाची वंशावळ पाहून नव्हे. म्हणून भाषेची मागणीही वंशावळीवर उभी करू नये. आज आपण काय बोलतो, आपल्या मुलांना कोणत्या भाषेत शिकवू इच्छितो, त्यावर ती उभी आहे आणि तेवढी पुरेशी आहे.

यामुळे वह्या बिनकामाच्या ठरत नाहीत. २०२३ साली महाराष्ट्रात न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची केवढी धावपळ झाली! सीमाभागात तर कागद दोन राज्यांत विभागलेले. शहापूर सांगली संस्थानात होते. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, आता तो कोल्हापुरात आहे. संस्थान कोणते, तालुका कोणता, हे आधी ठरवले नाही तर शोधणारा चुकीच्या कचेरीत हेलपाटे घालतो. त्यात हेळव्याच्या वहीत मुलींची नावे बहुधा नसतातच. माझ्या दोन्ही आज्यांची नावे कुठल्याच वहीत नाहीत. ती घरातल्या म्हाताऱ्यांना विचारूनच लिहून घ्यावी लागली.

हेळव्यांची पोरे आता नोकरी-धंद्याला लागली आहेत. वह्या घेऊन फिरणारे कमी होत चालले. त्या दिवशी आतेभावाने नातीचे नाव वहीत घालायला सांगितले. हेळव्याने आधी मान हलवली, मग जरा थांबून ते कन्नडमध्ये लिहिले. मी त्याच्याकडून पेन मागून घेतले आणि त्याच ओळीखाली तेच नाव देवनागरीत लिहिले. त्याने वही माझ्यापुढे धरून ठेवली, शाई वाळेपर्यंत.