अपाचीचा पायलट आणि त्याचे दोन डोळे

अपाची हेलिकॉप्टर हवाई दलात 2019 पासून आहे, लष्कराला पहिली तीन जुलै 2025 मध्ये मिळाली. तेव्हापासून एक प्रश्न हमखास येतो: त्या पायलटचे डोळे सरड्यासारखे वेगवेगळे फिरतात का?

नाही. डोळे एकत्रच फिरतात. त्याच्या उजव्या डोळ्यासमोर हेल्मेटला लावलेली छोटी काच असते. हेलिकॉप्टरच्या नाकावरचा, उष्णता टिपणारा कॅमेरा त्याच्या डोक्याबरोबर वळतो. ते चित्र, वेग-उंचीच्या आकड्यांसह, काचेत दिसतं. डावा डोळा मोकळा, कॉकपिट आणि बाहेरच्या अंधारासाठी. कोणत्या चित्राकडे लक्ष द्यायचं, हे मेंदू ठरवतो.

धोका इथेच आहे. कॉकपिटमधला उजेड जास्त झाला, की लक्ष डाव्या डोळ्याकडे ओढलं जातं. शिवाय कॅमेरा पायलटच्या पुढे आणि खाली असतो, आणि एका डोळ्याला खोली नीट कळत नाही. रात्री झाडांच्या उंचीवर उडताना अंतराचा अंदाज चुकला, तर सावरायला वेळ नसतो. सुरुवातीला डोकंही दुखतं.

आमच्या बेंगळुरूत हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिन इन्स्टिट्यूट आहे. उडताना डोळे आणि मेंदू कसे फसतात, हे वैमानिकांना तिथे शिकवतात. बाकी काम सरावाचं.