तारकुंडे, विठ्ठल महादेव

(३ जुलै १९०९–२२ मार्च २००४). नामवंत भारतीय विधिज्ञ, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, नवमानवतावादी विचारवंत व नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे एक प्रमुख संघटक. जन्म पुणे जिल्ह्यातील सासवड येथे. वडील महादेव राजाराम तेथे वकिली करीत. अस्पृश्यतेस विरोध करणारे सुधारक म्हणूनही ते परिचित होते. विठ्ठलरावांचे माध्यमिक शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये झाले. १९२५ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. कृषिशास्त्राची पदवी घेतल्यावर ते इंग्लंडला गेले आणि १९३२ च्या अखेरीस बॅरिस्टर होऊन परतले.

पुण्यात वकिली करीत असताना ते काँग्रेस समाजवादी पक्षाचे काम करीत. परंतु लवकरच मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले. महाराष्ट्रातील लक्ष्मणशास्त्री जोशी, गोवर्धन पारीख इ. बुद्धिवंतही याच सुमारास रॉय यांच्या सहवासात आले. १९४० मध्ये रॉय यांनी रॅडिकल डेमॉक्रॅटिक पक्ष स्थापन केला. १९४२ मध्ये तारकुंडे यांनी चांगली चाललेली वकिली सोडली आणि ते पक्षाचे पूर्ण वेळ कार्यकर्ते झाले. १९४४ पासून ते पक्षाचे सरचिटणीस होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘जनता योजना’ या आर्थिक आराखड्याच्या तीन लेखकांपैकी ते एक होत. फॅसिझमचा पराभव ही स्वातंत्र्याची पहिली अट आहे, अशी भूमिका घेऊन पक्षाने महायुद्धात दोस्त राष्ट्रांना पाठिंबा दिला. ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या काळात या भूमिकेमुळे पक्षावर देशद्रोहाचा आरोप झाला व १९४६ च्या निवडणुकांत त्याचा पूर्ण पराभव झाला. १९४८ च्या अखेरीस पक्ष विसर्जित करण्यात आला. राष्ट्र, वर्ग, पक्ष ही सर्व साधने असून व्यक्तीचे स्वातंत्र्य हेच साध्य होय, हा नवमानवतावादाचा सिद्धांत मात्र तारकुंडे यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. त्यांचे पुढील कार्य या सिद्धांतावाचून नीट उमगत नाही.

१९४८ पासून त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात पुन्हा वकिली सुरू केली. १९५७ मध्ये त्यांची तेथेच न्यायाधीशपदी नियुक्ती झाली. १९६९ मध्ये ते स्वेच्छेने पदमुक्त होऊन दिल्लीस गेले व सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. १९७० पासून रॅडिकल ह्यूमॅनिस्ट या नियतकालिकाचे संपादनही त्यांच्याकडे आले.

१९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासमवेत त्यांनी ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ ही पक्षनिरपेक्ष संघटना स्थापन केली. तिच्या वतीने निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या व तारकुंडे समिती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समितीने १९७५ मध्ये अहवाल दिला. मतदाराचे वय १८ वर्षे असावे. निवडणूक आयोग त्रिसदस्य असावा व त्याच्या सदस्यांची निवड पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेता व सरन्यायाधीश यांच्या समितीने करावी, या तिच्या प्रमुख शिफारशी होत. पहिली शिफारस १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने प्रत्यक्षात आली. निवड समितीचा प्रश्न मात्र अर्धशतक वादात राहिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये तशीच समिती नेमण्याचा आदेश दिला. परंतु त्याच वर्षी झालेल्या कायद्याने सरन्यायाधीशांऐवजी एका केंद्रीय मंत्र्यास तीत स्थान दिले.

जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारण्यात आली. न्यायालयात दाद मागण्याचा स्थानबद्धांचा हक्क राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित झाला. असे असले, तरी स्थानबद्धता कायद्याला धरून आहे की नाही, एवढे तरी न्यायालयाने पहावे, असा निर्णय नऊ उच्च न्यायालयांनी दिला. त्यावरील अपिलांत स्थानबद्धांची बाजू मांडणाऱ्या विधिज्ञांत तारकुंडे होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चारास एक मताने शासनाच्या बाजूने निकाल दिला, न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्यांनी विरोधी मत नोंदविले. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांचे संरक्षण आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने झाली आणि मूळ निकाल २०१७ मध्ये रद्दबातल ठरला. आणीबाणी चालू असतानाच, ऑक्टोबर १९७६ मध्ये, दिल्लीत नागरी स्वातंत्र्य व लोकशाही हक्क यांसाठी एक संघटना स्थापन झाली. जयप्रकाश नारायण तिचे अध्यक्ष व तारकुंडे कार्याध्यक्ष होते.

या संघटनेची खरी कसोटी लागली, ती आणीबाणी उठल्यानंतर. आंध्र प्रदेशात अनेक नक्षलवादी तरुण पोलिसांशी झालेल्या चकमकींत मारले गेल्याचे सांगितले जात होते. जयप्रकाशांनी १९७७ मध्ये तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तीत विधिज्ञ कन्नबिरन, पत्रकार बी. जी. व्हर्गीज प्रभृती होते. खेडोपाडी साक्षी घेऊन समितीने निष्कर्ष काढला, की मेदक जिल्ह्यातील गिरायपल्लीच्या जंगलात जुलै १९७५ मध्ये मारले गेलेले विद्यार्थी चकमकीत नव्हे, तर पोलिसांच्या ताब्यात असताना ठार झाले. नक्षलवाद्यांचा हिंसामार्ग तारकुंडे यांना सर्वस्वी अमान्य होता. तथापि गुन्हेगारास शासन करण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, बंदुकीचा नव्हे, याविषयी त्यांनी तडजोड केली नाही. राज्य शासनाने न्या. भार्गव आयोग नेमला. पण पुढे सुनावणी बंद दाराआड घेण्यावरून वाद होऊन ते काम तडीस गेले नाही.

केंद्रात जनता पक्षाचे शासन आल्यावर संघटनेतील अनेकांना आपले कार्य संपले असे वाटले व ती मंदावली. सत्ताधारी मित्र असला, तरी नागरिकास पहारेकऱ्याची गरज उरतेच, हे ध्यानी येण्यास १९८० उजाडावे लागले. त्या वर्षी ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या नावाने संघटनेची पुनर्रचना झाली व १९८४ पर्यंत तारकुंडे तिचे अध्यक्ष होते. याच काळात अतिरिक्त न्यायाधीशांना अल्प मुदतवाढ देण्याच्या प्रथेस त्यांनी न्यायालयात आव्हान दिले. ‘न्यायाधीश बदली खटला’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या प्रकरणातील ही एक याचिका होय. तीत मुख्य प्रश्नावर शासनाची सरशी झाली. परंतु डिसेंबर १९८१ च्या या निकालाने सार्वजनिक हितासाठी दाद मागण्याचा मार्ग प्रशस्त केला.

पंजाब (१९८५) व काश्मीर (१९९०) येथील परिस्थितीविषयी त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या अहवालांमुळे त्यांच्यावर कडवट टीका झाली. पंजाबविषयक अहवालावर बंदी आली व लेखकांवर राजद्रोहाचे आरोप ठेवण्यात आले. काश्मीरला गेलेल्या पथकात वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेले तारकुंडे स्वतः होते.

नवमानवतावादाची मांडणी करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय मानवतावादी पुरस्कार (१९७८) व पद्मभूषण (१९९८) हे सन्मान त्यांना लाभले. दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.