चांदीला उजेड कसा द्यावा?

हुपरी हे गाव कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यात आहे. येथे घरोघरी चांदीचे दागिने घडतात. कोणी तार ओढतो, कोणी कड्या जोडतो, कोणी घुंगरू बसवतो. हुपरीचे पैंजण दूरदूरच्या गावी जातात.

पूर्वी व्यापाऱ्याला माल दाखवायचा तर पिशवी घेऊन जावे लागे. आता मोबाइलवर व्हिडिओ धाडतात. घरातली एखादी मुलगी किंवा सून पैंजण घालून चालून दाखवते. अशी दाखवणारी म्हणजे मॉडेल. पण उजेड चुकला की सारेच चुकते.

आमच्या शेजारी असेच झाले. त्यांनी उसने पैसे काढून पाचपाचशे वॅटचे दोन हॅलोजन दिवे आणले. खोलीत भट्टीसारखे ऊन झाले. सुनेला घाम फुटला, तिचे डोळे मिटू लागले. व्हिडिओ गेला आणि व्यापाऱ्याचा निरोप आला, "ही चांदी नव्हे, पितळ दिसते." महिनाभराची मेहनत घरात पडून राहिली. शेजारी आम्हांला म्हणाले, "गुरुजी, चांदी माझी खरी, आणि मी खोटा कसा वो?"

खोटी चांदी नव्हती, उजेड पिवळा होता. चांदी आरशासारखी असते. समोर जे असेल ते ती दाखवते. पिवळा दिवा असेल तर ती पिवळी दिसते. उघडा दिवा असेल तर त्याचा जळता ठिपका तेवढा दिसतो, आणि नक्षी दिसत नाही.

मग काय करावे? आपल्या कोल्हापूरकडेच पाहा. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात चित्रपट काढले. त्या काळी चित्रपटाचे काम बहुतेक उन्हाच्या उजेडात चाले. १९२३ सालच्या 'सिंहगड' चित्रपटात त्यांनी विजेचे दिवे वापरले. म्हणजे आधी सूर्य, मग दिवा. आपणही तोच क्रम धरावा.

दिवसा खिडकीजवळ काम करा. मुलीची पाठ खिडकीकडे नको. खिडकी तिच्या बाजूला असावी. ऊन थेट आत येत असेल तर खिडकीवर पांढरे धोतर बांधा. ऊन गाळून मऊ होते. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरा. तिच्यावरून उजेड परततो आणि सावली फिकी होते. चांदीला समोर पांढरे दिसले, की तीही पांढरी दिसते. त्या वेळी घरातले सगळे दिवे बंद ठेवा. दोन रंगांचा उजेड एकत्र आला, की मोबाइल गोंधळतो.

रात्री काम करायचे तर २० वॅटचा एक एलईडी दिवा घ्या. हॅलोजनचे ते दोन दिवे तासाभरात एक युनिट वीज खातात. हा दिवा तेवढ्याच विजेत ५० तास जळतो. घेताना खोक्यावर दोन गोष्टी पाहा. ६५०० हा आकडा पांढऱ्या उजेडाचा. ३००० च्या आसपासचा आकडा पिवळ्या उजेडाचा. दुसरी गोष्ट सीआरआय. रंग किती खरे दिसतील ते यावरून कळते. तो ९० किंवा जास्त असावा, म्हणजे अंगाचा रंगही खरा दिसतो.

आणखी एक परीक्षा करा. दुकानातच दिवा लावून मोबाइलने व्हिडिओ काढून पाहा. काही स्वस्त दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण व्हिडिओत काळे पट्टे सरकतात. पट्टे दिसले तर तो दिवा घेऊ नका.

दिव्यापुढे हातभर अंतरावर पांढरे कापड ताणून बांधा. कापड दिव्याला चिकटवू नका. दिवा मुलीच्या जवळ आणा. अंतर दुप्पट झाले, की उजेड चौथाईवर येतो. म्हणून लांबच्या मोठ्या दिव्यापेक्षा जवळचा लहान दिवा बरा.

मुलीचीही काळजी घ्या. तिच्या डोळ्यांवर उजेड मारू नका, मधूनमधून विसावा द्या. व्हिडिओ कोणाकडे जाणार ते तिला सांगा. तिची मर्जी नसेल तर पायांपुरताच काढा, तेही तिला विचारून.

शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी व्हिडिओ काढला. पैंजण तेच, सून तीच. खर्च एका धुतलेल्या धोतराचा. व्यापाऱ्याने माल मागवला. हॅलोजनचे उसने पैसे मात्र अजून फिटायचे आहेत.

अंथरूण पाहून पाय पसरावे, तसे घर पाहून दिवा घ्यावा. आधी खिडकी उघडा. ती पुरली नाही, तरच दुकानाची पायरी चढा.