छोट्या गाडीचा स्वभाव आणि तिचे आजार

मराठी घरात पहिली गाडी येते ती बहुधा छोटीच, आणि पुष्कळदा सेकंडहँड. तिच्याबरोबर सल्ले फुकट मिळतात. सोसायटीचा वॉचमन, मेव्हणा, पंपावरचा पोऱ्या, कोपऱ्यावरच्या गॅरेजातला मिस्त्री, सगळ्यांना तिच्या प्रत्येक आवाजाचं निदान तोंडपाठ असतं. यातली बरीच निदानं प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यातली आहेत. गाडीतून कार्ब्युरेटर गेला, चोक गेला, सल्ले मात्र जागचे हलले नाहीत. त्यामुळे नुकसान दोन्हीकडून होतं. जो बिघाडच नाही त्यावर पैसे जातात, आणि ज्याकडे त्याच दिवशी बघायला हवं ते 'छोट्या गाडीत एवढं चालायचंच' म्हणत महिनोन्महिने तसंच राहतं.

सगळ्यात जुनी तक्रार थरथरीची. सिग्नलला गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि आतला आरसा कापतोय, गिअरच्या दांडीवर ठेवलेला हात झिणझिणतोय. 'इंजिन गेलं, उघडावं लागणार,' असं कुणीतरी सांगतंच. १४ डिसेंबर १९८३ला पहिल्या मारुती ८००ची चावी गिऱ्हाइकाच्या हाती पडली. तिचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. तेव्हापासून आजपर्यंत आपल्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्या तीन सिलिंडरवरच धावताहेत. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेरीला एक स्फोट होतो. तीन सिलिंडरमध्ये तो दर २४० अंशांनी होतो, म्हणजे दोन स्फोटांमधली जागा मोठी. त्यात पिस्टन जोडीजोडीने एकमेकांचा तोल सांभाळत नाहीत, म्हणून अख्खं इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डुलायला बघतं. हे डुलणं इंजिनाखालची रबरी माउंटिंग बरंचसं पोटात घालतात आणि उरलेलं आपल्या हाताला लागतं. वेग वाढला की स्फोट जवळजवळ येतात आणि थरथर जाणवेनाशी होते. हा त्या इंजिनाचा स्वभाव झाला, त्यावर औषध नाही आणि त्याची गरजही नाही.

आजार ओळखायचा तो तालावरून. गाडी चालू ठेवून मागे जा आणि सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तळहात धरा. वाफेचे फटकारे एकसारखे लागत असतील तर निर्धास्त राहा. मध्येच एखादा ठोका गळत असेल तर गाडी 'मिसिंग मारतेय', म्हणजे एक सिलिंडर नीट पेटत नाहीये. बहुतेक वेळा दोष प्लगचा किंवा कॉइलचा निघतो आणि काम किरकोळ असतं. पण मिसिंगच्या जोडीला डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला, तर पुढे रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो कन्व्हर्टर प्लगच्या कितीतरी पट महाग असतो. ताल शाबूत आहे, पण थरथर वर्षभरात वाढत गेली आहे आणि क्लच सोडताना पुढून धपकन धक्का बसतो, असं असेल तर माउंटिंगचं रबर कडक होऊन चिरलं असावं. ते बदलायला इंजिन उघडावं लागत नाही.

एसीबद्दलचे समज तर एका बैठकीत संपणार नाहीत. उन्हाळ्यात गाडीखाली थेंबाथेंबाने पाणी गळतं आणि 'रेडिएटर लीक' अशी हाकाटी होते. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत एसीच्या थंड जाळीवर बाष्प जमतं आणि नळीवाटे बाहेर पडतं. ते साधं पाणी असतं. बोट लावून पाहा. रंग नाही, वास नाही, बुळबुळीतपणा नाही, तर विषय मिटला. हिरवट किंवा गुलाबी, किंचित गोडसर वासाचं आणि चिकट असेल तर ते कूलंट. तेव्हा मात्र गळती शोधायला हवी. वरून भर घालत राहणं हा उपाय नव्हे. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी चालतं, हाही त्यातलाच एक समज. वाटेत अडकलात तर पाणी घालून गॅरेजपर्यंत जरूर जा, पण इंजिन गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. एरवी बोअरच्या जड पाण्याने आत क्षार धरतात आणि नुसत्या पाण्याने धातू गंजतो. कूलंट नुसतं थंड करत नाही, गंजही रोखतं आणि उकळबिंदूही वाढवतं.

खरं तर एसीचं पाणी बाहेर पडतंय ही आनंदाचीच गोष्ट. ते पडायचं थांबतं तेव्हा खरी कटकट सुरू होते. समोर डाव्या बाजूला बसणाऱ्याच्या पायाखालची मॅट ओली लागते, गाडीत कुबट वास भरतो, आणि पावसाळा असल्यामुळे सगळे 'छत गळतंय', 'दाराचं रबर गेलं' असं म्हणू लागतात. रबरं बदलूनही मॅट ओलीच राहते. पाऊस नसलेल्या दिवशी तासभर एसी लावून गाडी चालवा. तरीही मॅट भिजली तर जाळीखालची ती बोटभर जाडीची नळी धूळ आणि पालापाचोळ्याने तुंबली आहे. ती साफ करणं हे थोड्या वेळाचं काम आहे. मॅटखालचं कार्पेट मात्र उचलून कडक उन्हात वाळवायला हवं, नाहीतर खालचा पत्रा सडतो.

एसी लावल्यावर पिकअप पडतो म्हणजे इंजिन थकलं, हाही समज सोडून द्या. कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि त्याला लागणारी ताकद इंजिनातूनच जाते. मोठ्या इंजिनाला ती जाणवत नाही, ८०० सीसीला जाणवते. मधूनमधून 'टक' असा आवाज येतो, इंजिन क्षणभर दबतं आणि सावरतं. तो कॉम्प्रेसरचा चुंबकी क्लच लागण्या-सुटण्याचा आवाज. चार माणसं आणि भरलेली डिकी घेऊन आंबोलीचा किंवा वरंध्याचा घाट चढताना एसी बंद करणारे बाबा कंजूष नसतात, त्यांचं गणित बरोबर असतं.

घाट चढण्यापेक्षा उतरताना जास्त काळजी घ्यावी लागते, आणि इथला गैरसमज जिवावर बेतू शकतो. 'उतारावर न्यूट्रल टाक, पेट्रोल वाचतं.' कार्ब्युरेटरच्या काळात यात थोडंफार तथ्य होतं. इंजेक्शनच्या गाडीत उलटं घडतं. गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिनाला फिरवतात, आणि इंजिनाचा वेग पुरेसा असेपर्यंत संगणक इंजेक्टर बंद ठेवतो. पेट्रोल जातच नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या जिवावर चालतं, म्हणजे पेट्रोल जळतंच. वाचवायला गेलात आणि खर्च करून बसलात. ते एक वेळ परवडलं, पण गाडीला धरून ठेवणारं इंजिन सुटलं की सगळा भार ब्रेकवर येतो, आणि छोट्या गाडीची डिस्कही छोटीच असते. सतत दाबलेला ब्रेक तापतो, जळका वास येतो, आणि मग पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. बोरघाटात अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होतात त्यामागेही हेच एक कारण असतं. काही महाभाग उतारावर चावीच बंद करतात. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मदत करणारी पोकळी दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. चावी आणखी मागे फिरवून काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, हा एसटीच्या ड्रायव्हरकडून ऐकायला मिळणारा नियम छोट्या गाडीलाही तंतोतंत लागू पडतो.

पावसाळ्यातले ब्रेकचे आवाज मात्र मनावर घेऊ नका. रात्रभर भिजलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो. तो वरवरचा असतो, पहिल्या चार-पाच ब्रेकांत खरवडून निघतो आणि खरखर थांबते. हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी राहिलेली गाडी निघताना मागून 'ठक' करते, तेव्हा ओले लायनर ड्रमला चिकटलेले असतात. पावसाळ्यात गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागा बघा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली वीट लावा आणि हँडब्रेक सोडा. गाडी कोरडी झाल्यावरही प्रत्येक ब्रेकला धातूवर धातू घासल्याचा आवाज येत असेल तर पॅड संपले आहेत. पेडल हळूहळू खाली बसत असेल तर गाडी चालवत गॅरेजात नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

सकाळच्या दोन गोष्टी. एक, 'पाच मिनिटं गाडी गरम होऊ दे.' पद्मिनीचा चोक ओढून ठेवावा लागे, तिला ते गरजेचं होतं. आताच्या गाडीतला सेन्सर इंजिनाचं तापमान बघून पेट्रोल मोजून सोडतो. अर्धा मिनिट थांबा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. चालत्या गाडीत इंजिन लवकर तापतं. दोन, सायलेन्सरमधून पाणी ठिबकतं आणि पांढरी वाफ दिसते. पेट्रोल जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, आणि तेही थोडंथोडकं नव्हे. एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर पाणी तयार होतं. गरम इंजिनातून ते अदृश्य वाफ होऊन जातं, नाशिक-महाबळेश्वरच्या थंडीत ते दिसतं एवढंच. रोज फक्त भाजी आणायला निघणाऱ्या गाडीचा सायलेन्सर लवकर सडतो तो याच पाण्याने, कारण ते उडून जाईपर्यंत सायलेन्सर तापतच नाही. आठवड्यातून एकदा तिला लांबवर फिरवून आणा. गाडी पुरती तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत गेलं, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. ऑइल काळं दिसणं हा मात्र बिघाड नाही. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे, तेव्हा ते बदलायचं रंगावरून नाही, किलोमीटरवरून आणि महिन्यांवरून.

'गाडी डावीकडे ओढते' म्हणून अलाइनमेंटवर पैसे घालण्यापूर्वी आधी रस्ता बघा. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. आपण डाव्या बाजूने चालवतो, म्हणून गाडी थोडी डावीकडे सरकणारच. सपाट मोकळ्या मैदानातही ओढत असेल तर पहिल्यांदा चारही चाकांची हवा तपासा. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दारापाशी लावलेल्या स्टिकरवर असतं. टायरवर कोरलेला आकडा हा टायरची कमाल मर्यादा सांगतो. नायट्रोजनच हवा असा हट्टही नको. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

सध्या प्रत्येक गप्पांत इथेनॉल असतं. 'ई-२० आल्यापासून अॅव्हरेज निम्म्यावर आलं' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. अॅव्हरेज पडतं हे खरं, निम्म्यावर येतं हे खोटं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिश्रणात ही तूट सहा-सात टक्क्यांची होते. शुद्ध पेट्रोलवर अठराचं अॅव्हरेज देणारी गाडी सोळा-सतरा देईल, आणि आधीचं पेट्रोल दहा टक्के मिश्रणाचं असेल तर फरक त्याहून कमी. अठराचं बारा झालं असेल तर ते इथेनॉलच्या माथी मारू नका. चिकटलेला ब्रेक, कमी हवा, जुने प्लग, बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर, नाहीतर ऑफिसच्या वाटेवरचं मेट्रोचं खोदकाम, यातलं काहीतरी निघेल. जुन्या गाड्यांबाबत काळजी करायचीच तर ती रबराची करा. ई-२०च्या आधीच्या गाड्यांतल्या काही नळ्या आणि सील या मिश्रणासाठी बनवलेल्या नसतात. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर तो 'येतोच अधूनमधून' म्हणत सोडून देऊ नका. गाडी बंद ठेवा आणि नळी बघून घ्या.

डॅशबोर्डची कटकट हा छोट्या गाडीचा कायमचा पाहुणा. प्लॅस्टिक उन्हात फुगतं, गारव्यात आकसतं आणि बोलतं. पण ते उचकटण्याआधी ग्लोव्ह बॉक्समधली चष्म्याची केस, सीटखालचा जॅक, सैल नंबरप्लेट आणि समोरचा गणपती हे चार संशयित तपासून घ्या. (गणपतीचा डबलसाइड टेप उन्हाने सुटतो, आणि त्याच्यावर संशय घ्यायला कुणीच धजावत नाही.) आवाज पुढच्या चाकापाशी, लहान खड्ड्यांवर 'खटखट' असा येत असेल तर सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट बघायलाच हवेत. बॉल जॉइंट निखळला तर चाक भलत्याच दिशेला वळतं.

शेवटचा समज कागदपत्रांचा. 'पंधरा वर्षं झाली, आता भंगार.' दिल्ली आणि परिसरातले नियम वेगळे आहेत, ते ऐकून इकडचे लोक गाड्या मातीमोल विकून टाकतात. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पण आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, आणि त्यानंतरही पुन्हा पाच-पाच वर्षांनी. स्वस्त मात्र ते राहिलेलं नाही. १ एप्रिल २०२२पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं केंद्रीय शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलं. अर्ज मुदत संपण्याआधी करा. उशीर झाला की त्यावर दंड चढतो. आणि तपासणीला नेण्याआधी हँडब्रेक, हॉर्न, मागचे दिवे आणि टायरची नक्षी एकदा डोळ्यांखालून घाला.